गोळ्या सुरू आहेत, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : पत्नीला (वय ३१) पाच महिन्यांपूर्वी सिलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते तो आजार) असल्याचं निदान झालं. गव्हाची पोळी बंद केली, घरी ज्वारीची भाकरच असते. तरी हिमोग्लोबिन ८.४ वरच अडकलंय. लोहाची गोळी सकाळी चहासोबत घेते, लगेच कॅल्शियमची. आतडं लवकर भरून यावं म्हणून दुकानदाराने दुधात टाकायची माल्टची पावडर दिली आहे. आणखी कोणतं टॉनिक द्यावं? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आधी ती पावडर आजच थांबवा. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणून वाळवलेला जव, आणि जवात ग्लुटेन असतं. (चटणीतला जवस वेगळा, तो खुशाल खावा.)

आतडं टॉनिकने भरून येत नाही. ग्लुटेन पूर्ण थांबलं की ते स्वतःच भरून येतं. मोठ्या माणसांत त्याला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. गोळ्या तोवरची कमतरता भरून काढतात. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही आतड्याला इजा करू शकतं. ते जेमतेम अर्धा ग्रॅम कणकेत असतं. म्हणून गिरणीकडे बघा. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली तर दगडात अडकलेली कणीक तुमच्या पिठात येते. फक्त ज्वारी-बाजरीसाठी वेगळी घरघंटी ठेवणं सगळ्यांत खात्रीचं. परात आणि तवाही वेगळे ठेवा. येसर, मेतकूट, सातूचं पीठ, कुरडया, शेवया या सगळ्यांत गहू असू शकतो. बांधानी हिंगातही अनेकदा मैदा असतो.

आता गोळ्या. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिॲकमध्ये नेमका तोच भाग जास्त खराब होतो. जे थोडंफार शोषलं जाईल तेही चहा आणि कॅल्शियम अडवतात. गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा-दूध दीड-दोन तासांनी. मळमळत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते का, ते डॉक्टरांना विचारा. अनेकांना तेच सोसतं. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. चार आठवडे नीट घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर शिरेतून लोह देण्याबद्दल बोला. उगाच महिने घालवू नका.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच, लोहापासून किमान दोन तास दूर. दुपारचं जेवण ही सोयीची वेळ. दुधाने पोट फुगत असेल तर सध्या दही-ताक द्या. आतड्याला सूज असताना दुधातली साखर पचत नाही, पुढे बहुधा पचू लागते.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, आठ आठवडे, जेवणानंतर देतात. ती चुकून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो, म्हणून कॅलेंडरवर खूण करा.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि टीटीजी (सिलिॲकची रक्ततपासणी) तपासून घ्या. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगा. औषधाच्या दुकानातून दरवेळी वेगळ्या कंपनीची गोळी मिळत असेल, तर तिच्यातला स्टार्च कशाचा आहे, गव्हाचा तर नाही ना, ते विचारत जा.

प्रश्न : लग्नाच्या पंगतीत पोळी खावीच लागली तर ग्लुटेन पचवणारी कॅप्सूल घेऊन चालेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. या कॅप्सूल पोळीतलं सगळं ग्लुटेन मोडू शकत नाहीत, आणि त्रास जाणवला नाही तरी आतून इजा होतेच. पंगतीला जाताना भाकर-चटणी डब्यात न्या आणि वाढप्याला आधीच सांगा. भात घ्यायचा तर पोळीला न लागलेल्या चमच्याने, वेगळ्या भांड्यातून. वरणात हिंग कोणता टाकलाय हे आचाऱ्यालाच विचारावं लागेल. ते कळलं नाही तर साधा भात, दही आणि घरची चटणी.