बारीक केसांची काळजी आणि केसांची चिंता

केसांसाठी कुणी समुपदेशकाकडे कशाला जाईल, असं अनेकांना वाटतं. खरंच, केसांसाठी म्हणून कुणी येतच नाही. झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, चार माणसांत जायला नको वाटतं, असं सांगत माणसं येतात. थोडा वेळ बोलणं झालं की हात नकळत भांगाकडे जातो आणि मग खरा प्रश्न बाहेर पडतो: ‘माझे केस असेच कमी होत जाणार का?’

इथे जिच्याबद्दल लिहिते आहे तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चिंता मात्र तिची, आणि तिच्यासारख्या पुष्कळांची, जशी आहे तशी.

ती तिशीच्या आसपासची, नोकरी करणारी. मीटिंगमध्ये बोलायची भीती वाटते म्हणून आली होती. बोलता बोलता कळलं, की भीती बोलण्याची नव्हतीच. उभं राहिलं की डोक्यावरच्या दिव्याचा उजेड भांगावर पडतो, टाळू दिसते आणि समोरचे तिकडेच बघत राहतात, अशी तिची खात्री होती. म्हणून ती नेहमी भिंतीकडची खुर्ची पकडायची. ऑनलाइन मीटिंग असली तर कॅमेरा खालून वर असा लावायची, म्हणजे डोक्याचा वरचा भाग दिसणार नाही.

‘केस पहिल्यापासून असेच आहेत का?’ मी विचारलं.

‘हो मॅडम. शाळेत माझ्या वेणीला उंदराचं शेपूट म्हणायचे. पण आता गळतातसुद्धा. मी मोजते ना.’

ती खरंच मोजत होती. न्हाणं झालं की जाळीवर अडकलेले केस पांढऱ्या कागदावर पसरायचे, मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. शिवाय रोज सकाळी भांगाचा फोटो. मोबाइलमध्ये अशा फोटोंचं वेगळं फोल्डरच होतं.

केसांची तक्रार म्हणजे मनाचा खेळ, असं मी कधीच गृहीत धरत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं नसेल तर आधी तिकडे पाठवते. तिलाही पाठवलं. डॉक्टरांनी भांग तपासला, केसांची एक बट हलकेच ओढून किती केस हातात येतात ते पाहिलं, थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा पाहण्यासाठी रक्ततपासणी सांगितली. तेव्हा कळलं, की ती स्वतःच्या मनानं बायोटिनच्या, म्हणजे ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्या घेत होती. बायोटिनची खरी कमतरता फार कमी जणांत असते. उलट त्याचा मोठा डोस थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. डॉक्टरांनी गोळ्या थांबवायला लावल्या आणि मगच तपासणी केली. सगळं ठीक निघालं. भांग रुंदावलेला नव्हता, कुठे चट्टा नव्हता. निदान एवढंच: केस जन्मतः बारीक आहेत.

हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. ती मात्र रडवेली झाली. ‘म्हणजे यावर उपायच नाही?’

या प्रश्नावर मी घाई करत नाही, कारण चिंतेची मुळं इथेच असतात. केस बारीक असणं आणि केस विरळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेका केसाची जाडी मात्र माणसामाणसात खूप वेगळी असते. कुणाचा केस ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, कुणाचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही जाडी त्वचेखालच्या केसाच्या मुळावर ठरते. त्वचेबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्याला वरून काहीही लावलं तरी मूळ बदलत नाही. टक्कल केल्यानं केस दाट येतात हाही गैरसमजच. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून उगवताना राठ लागतं, इतकंच. तेव्हा केस जाड करण्याचा उपाय मागितला, तर तो तेलाच्या किंवा शाम्पूच्या कुठल्याच बाटलीत नाही. पण आहेत ते केस भरलेले, हलके आणि स्वच्छ दिसावेत यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. तिच्या बाबतीत तर, जे ती भीतीपोटी करत होती ते थांबवणं हाच अर्धा उपाय होता.

ती आठवड्यातून एकदाच केस धुवायची. का, तर धुताना केस गळतात. एरवी डोक्याला भरपूर तेल, ते दिवसच्या दिवस तसंच. वर घट्ट अंबाडा, विंचरणंही जेमतेम.

आता यातून काय होतं ते पाहा. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विसावतो आणि गळतो. असे रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. रोज विंचरणाऱ्याचे ते कंगव्यात येतात, उशीवर पडतात, लक्षातही येत नाहीत. केस बांधून ठेवून आठवड्यानं धुतले तर सुटलेले कितीतरी केस एकदम हातात येतात. तिनं कुठेतरी ‘शंभरपर्यंत चालतात’ असं वाचलं होतं आणि वहीत आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट यायचा. घाबरून ती पुढचं धुणं आणखी लांबवायची. मग आकडा आणखी वाढायचा. वहीतली बेरीज बरोबर होती, पण ती बऱ्याच दिवसांची थकबाकी होती.

दुसरी गोष्ट तेलाची. जाड केसावर जे तेल जिरल्यासारखं वाटतं तेच बारीक केसावर चटकन जड होतं. टाळू स्वतःही तेलकट द्रव सोडत असतेच. तेलानं केसांच्या बटा एकमेकींना चिकटतात, दोन बटांमध्ये फट पडते आणि त्या फटीतून टाळू दिसते. ज्या दिसण्याला ती भीत होती ते दिसणं तिच्याच काळजीतून तयार होत होतं. हे मी तिला आरशासमोर दाखवलं नाही, सल्ला म्हणून लादलंही नाही. करून पाहायला सांगितलं. काही आठवडे एक दिवसाआड सौम्य शाम्पूनं केस धुवायचे. तेल लावायचंच तर थोडं, टोकांना, धुण्याच्या तासभर आधी. मोजणी बंद. भांगाचा फोटो महिन्यातून एकदा, त्याच जागी, दिवसाच्या उजेडात. प्रयोगाआधी काय होईल असं वाटतं तेही लिहून घेतलं. तिनं लिहिलं: ‘निम्मे केस जातील.’

पहिलं धुणं तिला फार जड गेलं, कारण साठलेले केस गेलेच. हे होणार हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ती टिकली. पुढच्या धुण्यांना जाळीवर फारसं काही दिसेना. मोजायचा हात शिवशिवायचा, तेव्हा ती जाळी न बघताच पुसून टाकायची. हे लिहायला सोपं आहे, तिला ते कठीण गेलं. चिंतेनं लावलेली सवय सोडताना आधी चिंता वाढते, मग उतरते. त्या मधल्या दिवसांत कुणीतरी सोबत असावं लागतं.

मग आम्ही तिच्या सकाळकडे वळलो. मी केशभूषाकार नाही, पण रोजचा तासभर आणि सगळा आत्मविश्वास जिथे खर्च होतो त्या सवयींची माहिती मला असायलाच हवी असं मी मानते. ती मुळापासून टोकापर्यंत घट्ट कंडिशनर लावायची, वर सीरम, वर स्ट्रेटनर, मग कंगवा उलटा फिरवून केस फुगवायचे आणि स्प्रे. दुपारपर्यंत सगळं बसायचं. बसणारच. मुळाशी वजन आणि खाली इस्त्री केलेले सपाट केस, मग फुगीरपणा टिकणार कसा? उलटा कंगवा फिरवल्यानं केसावरचे बारीक खवले उचकटतात आणि बारीक केस त्यानं फार लवकर तुटतो.

बदललं ते असं. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांनाच आणि नीट धुऊन टाकायचा. टॉवेलनं घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं, कारण ओला केस अशक्त असतो आणि ताणला की तुटतो. मोठ्या दातांचा कंगवा टोकांपासून सुरू करून वर न्यायचा. ओलसर केसांच्या मुळाशी थोडा मूस, म्हणजे केस फुगवणारा हलका फेस. मग डोकं खाली वाकवून मध्यम उष्णतेवर ड्रायर, आणि शेवटी भांगाच्या उलट बाजूला केस उचलून थंड हवा. यामागचं कारण तिला फार आवडलं. पाण्यानं केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक रासायनिक दुवे, सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून मुळं उचललेली असताना केस वाळले, तर ते बराच वेळ तसे राहतात. दमट हवेत तेच बंध पुन्हा सैल होतात. म्हणजे पावसाळी दिवशी केस बसले तर त्यात तिचा काही दोष नाही. सकाळी तासभर राबून दुपारी केस बसले की ती स्वतःवर चिडायची, तिला हे कळणं गरजेचं होतं.

स्ट्रेटनर तिनं रोजचा बंद केला. लागलाच तर उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे आधी आणि तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास. घट्ट अंबाडा सोडला. रोजच्या ताणानं कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. कमरेपर्यंत केस वाढवायचा हट्ट होता, त्यावर बराच काळ बोललो. लांबीनं केस आपल्याच वजनानं खाली ओढले जातात आणि टोकं झिरझिरीत दिसतात. शेवटी तिनं खांद्यापर्यंत सरळ रेषेत कापून घेतले, फार लेयर्स न देता. टोकं एका रेषेत आली की बारीक केसही भरलेले दिसतात. भांगाची बाजू ती अधूनमधून बदलते. एका बाजूला बसलेले केस दुसऱ्या बाजूला टाकले की आपोआप उचलले जातात.

‘भांगात लावायची ती केसांच्या रंगाची पावडर वापरली तर चालेल का?’ हा प्रश्न तिनं जरा घाबरतच विचारला. माझं मत स्पष्ट आहे: वापरावी, पण ती नसतानाही घराबाहेर पडता यायला हवं. हौस म्हणून लावलेली पावडर आणि तिच्यावाचून दार न उघडणं, यांत मोठं अंतर आहे. तिनं काही दिवस लावून, काही दिवस न लावता ऑफिस केलं. कुणी काही बोललं नाही, हे तिच्या अंदाजाबाहेर होतं.

याच सुमारास मी तिला थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर कोण आहे हे जवळपास निम्म्यांच्या लक्षात आलं असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांनाच सांगता आलं. आपल्याकडे लोकांचं जितकं लक्ष आहे असं वाटतं, तितकं ते नसतं. तिला ऐकून पटलं नाही. म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये तिनं दिव्याखालची खुर्ची घेतली आणि लोक कुठे बघतात ते पाहिलं. बहुतेक जण लॅपटॉपकडे बघत होते. एकानं विचारलं, केस कापलेस का? बस्स.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला प्रश्न पडेल, की आपलं गळणं खरं असेल तर? काही महिन्यांत भांग रुंदावत गेला, नाण्याएवढे चट्टे पडले, टाळूला खाज किंवा खपल्या असल्या, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्यानं घटवलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. ते बहुधा काही महिन्यांत सावरतं, पण दाखवून घ्यावं. तपासणीत सगळं ठीक निघूनही दिवसाचा तास तास आरशात जात असेल, माणसं टाळली जात असतील, तर मनाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं. तो कमकुवतपणा नाही.

तिच्यापुढे शेवटचा प्रश्न होता घरच्यांचा. आई दर फोनला म्हणायची, ‘अगं, किती पातळ झालेत केस, काहीतरी लाव की.’ आईच्या शब्दांत माया होती, लेकीच्या पोटात मात्र गोळा यायचा. काय म्हणायचं ते आम्ही ठरवलं, तिनं माझ्यासमोर म्हणून पाहिलं: ‘आई, डॉक्टरांनी तपासलंय, केस निरोगी आहेत, ते मुळातच बारीक आहेत. तू काळजीनं बोलतेस हे कळतं, पण दर वेळी ऐकलं की मी दिवसभर आरशात बघत बसते. केसांचं बोलायचं असेल तर मीच काढीन विषय.’ आईला आधी राग आला, दोन दिवस फोन नाही. मग एकदा मावशीनं तेच वाक्य काढलं तेव्हा आईच म्हणाली, ‘तिचे केस तसेच आहेत, माझ्या आईसारखे.’