उजवीकडे गेलेला प्रत्येक बॉल शँक नसतो

नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. गोल्फचा सात नंबर आयर्न (धातूच्या पातळ हेडचा क्लब), बॉल खालून उजवीकडे पळतो, अंतर वीस-पंचवीस यार्ड कमी. सोबतचे सगळे शँक (बॉल फेसऐवजी दांड्याच्या बुडाशी लागणं) म्हणतात म्हणून तुम्ही बॉलपासून लांब उभे राहायला लागलात, त्यानंतर आणखी बिघडलं, आणि आता दुकानदार म्हणतोय की अख्खा सेट दोन अंश अपराइट (दांडा जास्त उभा राहील असा) वाकवून घ्या. हाच त्रास मी भोगलाय, म्हणून थोडं लांबलं तरी सविस्तर लिहितोय.

आधी एकच विनंती. फेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर) उमटलेले बॉलचे निदान दहा ठसे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत क्लब कोणाच्याही हातात वाकवायला देऊ नका.

ग्रिप, स्टान्स, बॉल कुठे ठेवायचा हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतच असणार. मी कोच नाही. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितोय, डावखुरे असाल तर दिशा उलट करून वाचा.

बॉल खालून उजवीकडे जायला दोन अगदी विरुद्ध कारणं असू शकतात. एक, तो होझलला, म्हणजे हेडमध्ये दांडा बसतो त्या भागाला लागला. तिथे सपाट फेस नाहीच, गोल नळी आहे, त्यामुळे बॉल सटकून तिरका निघतो. हा खरा शँक. दुसरं, तो टोच्या (फेसच्या दांड्यापासून लांबच्या टोकाच्या) खालच्या भागात लागला. तेव्हा हेड हातात वळतं, फेस उघडतो, बॉल अर्ध्या ताकदीने उजवीकडे निघतो. दहा पावलांवर उभ्या असलेल्याला दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र उलटे आहेत. टोवर लागणारा माणूस शँक समजून मागे सरकला की बॉल टोच्या आणखी कडेला जातो. माझे सगळ्यात जास्त दिवस याच एका गैरसमजापायी वाया गेले. तुमचंही ‘लांब उभं राहिल्यावर वाढलं’ हे वाक्य वाचून मला टोचाच संशय आहे. पण संशयच. खात्री फक्त ठसा देईल.

हाताला जाणवतं यावर फार विसंबू नका. कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंग या आपल्या क्लब-कंपनीत वजन हेडच्या कडांना नेण्याचं तत्त्व रुजवलं, १९८२ च्या आय२ आयर्ननंतर ते सगळीकडे पसरलं. अशा कॅव्हिटी-बॅक (मागून पोकळ) आयर्नमध्ये सेंटीमीटरभर बाहेर लागलेला बॉलही हाताला ‘ठीक’ वाटतो. लाँच मॉनिटरचंही (शॉट मोजणाऱ्या यंत्राचंही) तसंच. स्वस्त यंत्रं बहुतेक बॉलचा वेग मोजतात, फेसवरची जागा नाही. सात नंबरला चांगल्या व्यावसायिकाचा स्मॅश फॅक्टर (बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग) साधारण १.३३ असतो. तुमचा १.२० आला तर मधोमध लागला नाही एवढंच कळतं, टो की हील (फेसचं दांड्याकडचं टोक) ते कळत नाही.

ठसा घ्यायला पायाला मारायचा पावडर-स्प्रे सगळ्यात बरा. फेस ओल्या कापडाने पुसा, ग्रूव्ह (फेसवरच्या आडव्या खाचा) जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण कोरडा करा आणि एक वीत अंतरावरून एकच हलका हात फिरवा. फेस धुरकट दिसला पाहिजे, चुना लावल्यासारखा पांढरा नको. जाड थर बसला तर बॉल फेसवर घसरतो, त्यामुळे त्या शॉटच्या अंतराला आणि स्पिनला काही अर्थ उरत नाही. स्टिकरचंही तेच. स्प्रे नसेल तर व्हाइटबोर्ड मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठळक ठिपका काढा, तो फेसवर उमटतो. हे सगळं फक्त सरावात. स्पर्धेच्या राउंडमध्ये फेसला काही लावून खेळलात तर बाद व्हाल.

पहिले पाच बॉल एकेक करून मारा, प्रत्येकानंतर मोबाइलने समोरून फोटो घ्या आणि फेस पुसा. पुढचे पाच न पुसता. ठसा म्हणजे बॉल दाबला गेल्याची गोल चकती असते, तिच्या कडेकडे बघू नका, मध्य शोधा. तो मध्य ग्रूव्हच्या आडव्या मध्यापासून किती मिलिमीटर टोकडे किंवा हीलकडे आहे आणि खालून कितव्या ग्रूव्हवर आहे, एवढे दोनच आकडे लिहा. दहाही ठसे टोकडे आले तर बिघाड एका जागी आहे. पाच टोला, पाच हीलला आले तर बॉलजवळ-बॉललांब करण्यात काही राम नाही, तोल आधी बघा.

उंचीचा आकडा बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच खरी गंमत आहे. बॉलचा व्यास ४२.६७ मिमी, म्हणजे मध्य जमिनीपासून सुमारे २१ मिमीवर. पण फेस कललेला असतो, म्हणून तो बॉलला मध्याच्या खाली भेटतो. इम्पॅक्टला (बॉल लागताना) लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, २५ अंश उरला असेल तर जमिनीपासून साधारण १२ मिमीवर. लीडिंग एज (फेसची खालची कड) नेमकी जमिनीला टेकलेली असेल तर फेसवर ठशाचा मध्य खालून १३-१४ मिमी येईल. आयर्नचं वजनकेंद्र मात्र बहुधा १८ ते २० मिमीच्या आसपास असतं. म्हणजे भरीव शॉटसाठी लीडिंग एज बॉलच्या बुडापेक्षा चार-पाच मिलिमीटर खाली गेली पाहिजे, आणि बॉल तिथे असताना ते फक्त उतरत्या क्लबने होतं. ‘आधी बॉल, मग माती’ म्हणतात ते यासाठी. ठसा खालून दुसऱ्या ग्रूव्हवर येत असेल तर क्लब बॉलला उचलायला बघतोय.

म्हणूनच मॅटवर (सरावाच्या कृत्रिम चटईवर) काळजी घ्या. मॅटवर क्लब बॉलच्या इंचभर मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि ठसा छान उंचीवर उमटतो. गवतावर तोच शॉट मातीत रुतला असता. मॅटवरची आडवी जागा खरी धरा, उभी जागा खोटी. उंची तपासायची असेल तर गवतावरच.

समजा ठसे टोकडे आले. आता एक चाचणी, माझ्या मते कुठल्याही महागड्या फिटिंगपेक्षा उपयोगी. जमिनीवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) टोचून पायांची जागा पक्की करा आणि फक्त एक सेंटीमीटर बॉलकडे सरका. जास्त नाही. पाच बॉल मारा. ठशांचा घोळका साधारण सेंटीमीटरभर मध्याकडे आला तर चूक उभं राहण्यात होती, विषय संपला. ठसे होते तिथेच राहिले तर शरीर वाटेत भरपाई करतंय: हात आत ओढले जातायत, डावं कोपर वाकतंय किंवा खाली येताना तुम्ही उठताय. मग आणखी जवळ सरकून उपयोग नाही. उलट ठसे हीलकडे असतील तर वजन पायाच्या बोटांवर जातंय का, कंबर बॉलकडे ढकलली जातेय का ते बघा. त्यासाठी बॉलच्या पलीकडे, टोच्या टोकापासून बोटभर अंतरावर एक टी टोचा आणि तिला न लागता मारा. टोवाल्यांनी टी आतल्या बाजूला, हीलपासून बोटभर.

आता लाय, म्हणजे दांडा जमिनीशी करतो तो कोन. लाय आणि ठशाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते. सोलला (हेडच्या तळाला) टेप लावून प्लास्टिकच्या बोर्डवर मारायला लावतात, खूण टोकडे आली की ‘फ्लॅट (दांडा जास्त आडवा) आहे, वाकवा’. बोर्ड दिसला की माणूस बिचकून मारतो हे कोणी लक्षात घेत नाही. आमच्याकडच्या एका दुकानाने फेसकडे एकदाही न बघता माझा सेट वाकवून दिला. आजही राग येतो, कारण लाय अपराइट केली की बॉल थोडा डावीकडे निघतो: ३४ अंश लॉफ्टच्या क्लबला १ अंश लायमागे फेसची दिशा साधारण दोन तृतीयांश अंश. म्हणजे उजवीकडची चूक झाकली जाते, ठसा टोवरच राहतो, अंतर परत येत नाही. पुढे ठसा सुधारला की सगळे बॉल डावीकडे, आणि पुन्हा उलट वाकवायचे पैसे. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड हे एखाद्या वेळी सोसेल. स्टेनलेसचं कास्ट (ओतीव) हेड दोनदा वाकवताना तडकू शकतं.

लाय खरंच बघायची असेल तर मार्करने बॉलवर सरळ उभी रेघ काढा, ती फेसकडे ठेवा आणि मारा. उमटलेली रेघ ग्रूव्हला काटकोनात असेल तर लाय बरोबर. वरचं टोक टोकडे झुकलं तर क्लब अपराइट, हीलकडे झुकलं तर फ्लॅट. ठसा फेसच्या मध्याजवळ यायला लागल्यानंतरच ही रेघ वाचा, आणि पाचपैकी चार वेळा तेच आलं तरच वाकवायचा विचार करा, तोही एका वेळी एकच अंश.

जाता जाता: सेट जुना असेल तर सात नंबर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरून बघा. घासून गुळगुळीत झालेला नाण्याएवढा डाग दिसतो, तोच तुमचा वर्षानुवर्षांचा ठसा. सेकंडहँड घेतला असेल तर तो आधीच्या मालकाचा, त्यावर जाऊ नका. पावसाळ्यात स्प्रे टिकत नाही आणि ओल्या फेसवरून बॉल नाहीतरी घसरतो, तेव्हा छताखालच्या मॅटवर फक्त आडवी जागा तपासा. घरी आल्यावर ग्रूव्हमधली पावडर धुऊन टाका, दमट हवेत ती दगडासारखी बसते.

दहा ठशांचे फोटो इथे टाका, समोरून काढलेले, ग्रूव्ह मोजता येतील असे. मग नेमकं बोलता येईल.