वाचक विचारतात: डुकरातला फ्लू बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न: नमस्कार सर, खानापूर तालुक्यात आमचं छोटं वराहपालन आहे. गेल्या थंडीत काही डुकरं खोकायला लागली, खाणं सोडलं, आठवड्याभरात आपली आपणच बरी झाली. पण आता मोबाईलवर मेसेज फिरायलाय की डुकरात फ्लूचा व्हायरस म्यूटेट होऊन माणसात येतो, आणि शेजारी म्हणायलेत फार्म बंद करा. हे म्यूटेशन म्हणजे काय आणि त्यानं व्हायरसचा काय फायदा होतो?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: असल्या मेसेजमध्ये लिहितात जणू व्हायरस डोकं लावून, ठरवून बदलतोय. तसं काही नसतंय बघा. इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूच्या व्हायरसचा जीनोम (त्याची सगळी जनुकीय माहिती) आरएनए नावाच्या रेणूचा, आठ वेगवेगळ्या तुकड्यांत, आणि त्याची कॉपी करणाऱ्या पॉलिमरेज नावाच्या एन्झाइमला झालेली चूक तपासायची सोयच नाही. पूर्वी उतारा हातानं नकलून द्यायचे आणि मूळ कागदाशी ताडून कोण बघायचंच नाही, तसला कारभार. कॉपीतली ही चूक म्हणजेच म्यूटेशन. बहुतेक चुका व्हायरसलाच नडतात आणि ती कॉपी तिथंच संपते. पण एखादी चूक अशी पडते की त्या व्हायरसला डुकराच्या नाकात-घशात बाकीच्यांपेक्षा जोरात वाढता येतं, मग खोकल्यातून शेजारच्या डुकराकडं जास्त तोच जातो, आणि थोड्या दिवसात गोठ्यात तोच तो राहतो.

फायदा कुठं होतो म्हणाल तर पहिली जागा हेमॅग्लुटिनिन, व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन, म्हणजे एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराच्या नावातला एच. याच प्रोटीननं व्हायरस पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला असणाऱ्या सियालिक अ‍ॅसिडला चिकटतो. ते अ‍ॅसिड खालच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं, एक जोडणी (२-३) बदकांच्या आतड्यात भरपूर, दुसरी (२-६) माणसाच्या नाका-घशात. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही सापडतात. प्रोटीन म्हणजे अमिनो अ‍ॅसिडच्या मण्यांची माळ. एच१ या प्रकारच्या हेमॅग्लुटिनिनमध्ये १९० आणि २२५ या जागचं एकेक अमिनो अ‍ॅसिड बदललं तरी व्हायरसची पसंती पहिल्या जोडणीवरून दुसरीकडं वळते, एवढ्याशा बदलानं!

पण नुसतं चिकटून भागत नाही, आत शिरून कॉपी पण व्हायला पाहिजे, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथं आहे. पॉलिमरेजला काम करायला आपल्याच पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रोटीन लागतं. पक्ष्यांत ते ३३ अमिनो अ‍ॅसिडनं लांब असतं, पक्ष्यांचा व्हायरस त्या लांबीला सरावलेला, त्यामुळं सस्तन प्राण्यात आला की त्याचं काम रखडतं. मग पॉलिमरेजच्या पीबी२ या भागात ६२७व्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ठिकाणी लायसीन आलं की कॉपी परत जोरात सुरू. अर्थात हा एकच रस्ता नाही, २००९ च्या स्वाइन फ्लूत ६२७ चा बदल नव्हताच, त्यानं ५९० आणि ५९१ या जागच्या बदलांवर काम भागवलं.

याला वेळ लागतो. १९७९ च्या सुमारास युरोपात पक्ष्यांचा एक एच१एन१ सगळ्या आठ तुकड्यांसकट डुकरात आला आणि हळूहळू बदल साठवत पक्का डुकराचा झाला. दुसरा प्रकार झटपट, एकाच डुकराला एकाच वेळी दोन व्हायरस झाले तर तुकड्यांचीच अदलाबदल होते. २००९ चा व्हायरस तसा तयार झाला, सहा तुकडे अमेरिकेतल्या डुकरांच्या घराण्यातले, दोन या युरोप-आशियातल्या घराण्यातले. त्या वर्षी पुण्यात शाळा बंद झाल्या, मास्कसाठी रांगा लागल्या, आपल्या बेळगावातली कितीतरी पोरं तिकडं नोकरीला, म्हणून इथं पण घराघरात धास्ती होती.

आता शेजाऱ्यांचं. त्यांना सांगा की वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते, आणि जीनोम तपासून असं दिसलंय की डुकरानं माणसाला दिला त्यापेक्षा माणसानं डुकराला फ्लू दिला हे कितीतरी जास्त वेळा झालंय, २००९ चा व्हायरस पण माणसांनीच परत देशोदेशीच्या डुकरांत नेऊन सोडला. तेव्हा फार्म बंद करायची काही गरज नाही. तुम्ही किंवा कामाचा गडी तापानं खोकत असेल तर त्यानं त्या दिवसात गोठ्यात जायचं नाही, दरवर्षी फ्लूची लस घ्यायची, खोकणारं डुक्कर लगेच वेगळं बांधायचं आणि सरकारी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं. बदकं-कोंबड्या डुकरांत सोडू नका, हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं.

प्रश्न: आमच्या गल्लीत मोकाट डुकरं पटापट मरायलेत, हा स्वाइन फ्लूच असणार ना? आणि पोर्क खाल्लं तर चालतंय का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: फ्लूनं डुकरं आजारी पडतात, मरतात फार कमी. पटापट मरत असतील तर संशय दुसऱ्या रोगांचा, क्लासिकल स्वाइन फीव्हर किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. आफ्रिकन वाला भारतात पहिल्यांदा २०२० ला आसाम-अरुणाचलमध्ये सापडला, त्यावर औषध नाही, पण तो माणसाला होत नाही. माणसात सध्या जो स्वाइन फ्लू म्हणतात तो माणसाकडूनच माणसाला येतो, गल्लीतल्या डुकराकडून नाही. पोर्क नीट शिजवलं तर फ्लूची भीती नाही. मेलेलं डुक्कर मात्र नाल्यात ढकलू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा म्हणजे नमुना तरी घेतील, आणि हॉटेलातलं उरलंसुरलं डुकरांना न शिजवता घालणारा कोण ओळखीचा असेल तर त्याला आधी थांबवा.