‘ब्रँच’ म्हणजे नक्की कशाची फांदी?

प्रश्न : निऑन या क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेस सेवेत ब्रँच (डेटाबेसची वेगळी शाखा) काढली की टेबलांतला डेटाही सोबत येतो. प्लॅनेटस्केल या तशाच सेवेच्या मायएसक्यूएल डेटाबेसवर काढली तर टेबलं रिकामी. आमचं काही चुकतंय का?

उत्तर : नाही. नाव एकच, वस्तू दोन. निऑनच्या साध्या ब्रँचमध्ये त्या क्षणाचा स्कीमा (टेबलांची रचना) आणि डेटा दोन्ही येतात. पुढे जे बदलेल तेवढंच वेगळं साठवलं जातं, म्हणून डेटाबेस मोठा असला तरी ब्रँच लगेच तयार होते. (ग्राहकांचे खरे फोन नंबरही डेव्हलपरच्या हाती पडतात, हे विसरू नका.) प्लॅनेटस्केल मुळात फक्त स्कीमा देतं; तिथे रचना बदलायची आणि डिप्लॉय रिक्वेस्टने (बदल लागू करण्याच्या विनंतीने) मुख्य डेटाबेसवर न्यायची. निऑनची ब्रँच मात्र परत मर्ज होत नाही (मूळ डेटाबेसमध्ये मिसळत नाही), त्यामुळे गिटची, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची, सवय असलेला हमखास गोंधळतो. हेरोकू या क्लाउड सेवेची जुनी नावं आम्हाला जास्त पटतात : ‘फोर्क’ म्हणजे एकदाच घेतलेली स्वतंत्र प्रत, ‘फॉलोअर’ म्हणजे मूळ डेटाबेसच्या मागोमाग चालणारी, फक्त वाचायची प्रत.

प्रश्न : सुपाबेस या पोस्टग्रेस सेवेवरचं आमचं ॲप डेटाबेसशी बोलायला प्रिझ्मा ही लायब्ररी वापरतं; ते मधूनच ‘प्रीपेअर्ड स्टेटमेंट ऑलरेडी एग्झिस्ट्स’ म्हणून अडतं.

उत्तर : कनेक्शन स्ट्रिंगमधला पोर्ट बघा. ६५४३ असेल तर तुम्ही ट्रान्झॅक्शन पूलरवर आहात (पूलर म्हणजे थोडी कनेक्शन्स अनेकांना वाटून देणारा मध्यस्थ). ५४३२ वर सेशन पूलर (जोडलेलं असेपर्यंत एकच कनेक्शन देणारा) किंवा थेट डेटाबेस असतो. आकडे इतके सारखे की नजर सहज चुकते. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये एक व्यवहार संपला की डेटाबेसकडचं कनेक्शन दुसऱ्याला मिळतं. प्रिझ्माने ‘एस०’ नावाने ठेवलेलं प्रीपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी) तिथेच राहतं. दुसरी प्रोसेस त्याच कनेक्शनवर तेच नाव वापरायला गेली की टक्कर. ‘लिसन’ (डेटाबेसच्या सूचना ऐकण्याची आज्ञा) आणि सेशनभराची ॲडव्हायझरी लॉक्स (ॲपने स्वतः मागून घेतलेली कुलपं) हीसुद्धा याच कारणाने तिथे चालत नाहीत.

उपाय : ६५४३ च्या पत्त्याअखेर ‘पीजीबाउन्सर=ट्रू’ (pgbouncer=true) हा पॅरामीटर जोडा. मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) ५४३२ वरूनच चालवा, कारण प्रिझ्मा त्या वेळी ॲडव्हायझरी लॉक घेतं. सगळंच ५४३२ वर नेऊ नका : पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस, डीफॉल्ट मर्यादा १००, आणि सर्व्हरलेस फंक्शन्स (मागणीनुसार सुरू होणारे कोडचे तुकडे) ती बघता बघता संपवतात.

एन्व्ह फाइलमध्ये (ॲपच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) दोन्ही पत्ते ठेवा, पण ‘डीबी १’, ‘डीबी २’ अशा नावांनी नको. ‘ॲप पूलर’ आणि ‘मायग्रेशन थेट’ असं लिहा.