मुलीला ग्रुपने बाजूला टाकलंय, मी त्या मुलीच्या आईशी बोलू का?

तुमची मुलगी आठवीत आहे. ग्रुपमधल्या एकीच्या सांगण्यावरून बाकीच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय, तिला वगळून व्हॉट्सॲपवर नवा ग्रुपही काढलाय. त्या मुलीच्या आईला फोन करावा का, असं तुम्ही विचारताय.

माझं मत विचाराल तर आत्ता नको. मी याच वयाच्या मुलींना शिकवते. असा फोन गेला की ती आई फोनवर साहजिकच स्वतःच्या मुलीची बाजू घेते, घरी मात्र त्या मुलीला बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी 'हिने घरी नाव सांगितलं' हे वर्गभर होतं. आधीच एकटी पडलेली मुलगी आणखी एकटी पडते.

पण 'आज कट्टी, उद्या गट्टी' म्हणून सोडूनही देऊ नका. मुलांमधली आक्रमकता म्हणजे मारामारी आणि शिवीगाळ, असंच बराच काळ धरलं जायचं. १९९५ साली निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या अमेरिकी संशोधकांनी अबोला, अफवा, 'तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस' हे सगळं आक्रमकतेतच मोडतं हे दाखवलं. मैत्रीलाच धक्का लावून केलेला हा मार असतो. बाहेरून वळ दिसत नाही, म्हणून मोठ्यांना तो कळतही नाही.

आता ग्रुपकडे नीट बघा. वर्गात मला एक गोष्ट वारंवार दिसते. कोणी विनोद केला की मधल्या मुली हसण्याआधी क्षणभर त्या 'एकी'च्या चेहऱ्याकडे बघतात. ती हसली की सगळ्या हसतात, तिने मान फिरवली की विनोद तिथेच पडतो. या मुली वाईट नसतात, घाबरलेल्या असतात. आज तुमच्या मुलीचा नंबर लागला, उद्या आपला लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये शाळकरी मुलांमधल्या छळाचा अभ्यास केला, तेव्हा त्रास देणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून चेव आणणारे, लांब राहणारे आणि बाजू घेणारे असे सगळे त्यांनी वेगळे मांडले. पुढारीण टिकते ती या मधल्यांच्या जोरावर. आणि वर्गात जिचा दबदबा असतो तीच सगळ्यांना मनातून आवडत असते, असं मुळीच नाही. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. 'सगळ्यांना मी नकोशी आहे' असं तिला वाटत असेल, पण एकीला ती नको आहे आणि बाकीच्यांची हिंमत होत नाही, ही गोष्ट फार वेगळी आहे.

म्हणून ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून तिने विनवण्या करू नयेत. त्याने पुढारणीचाच भाव वाढतो. त्यापेक्षा मधल्यांपैकी जी तिला एकटीत बरी वागते, तिच्याशी एकटीनेच बोलू दे. वर्गाबाहेर मैत्रिणी असतील, खेळातल्या, क्लासमधल्या, तर त्या मैत्रीला वेळ द्या. एक जरी जिवाची मैत्रीण असली तरी मुलगी तग धरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही घरी काय करायचं? ऐका. लगेच उपाय सुचवू नका, त्या मुलीला नावंही ठेवू नका. महिन्याभराने दोघींचं पुन्हा जमलं, तर तुमच्या शिव्या आठवून ती पुढचं काही सांगणार नाही. रोज रात्री तोच तोच विषय उगाळायलाही लावू नका. मुली तासन्‌तास दुःखच दुःख बोलत बसल्या की मैत्री घट्ट होते, पण मनही खचत जातं. थोडं बोलून झालं की दुसऱ्या कशात तरी तिला गुंतवा.

मात्र धमक्या, फोटो फिरवणं, खोटी अकाउंट्स असं काही असेल, किंवा तिची झोप, जेवण बिघडलं असेल, शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखत असेल, तर थांबू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि थेट वर्गशिक्षिकांना भेटा. सगळ्यांना समोरासमोर बसवून 'सॉरी म्हणा' असं करायला निघाल्या, तर नको म्हणून सांगा. एकेकीशी वेगळं बोलायला लावा. आणि जगणंच नको असं ती एकदा जरी म्हणाली, तर त्याच दिवशी समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा, तिला एकटी सोडू नका.

शाळेत बोलून काय झालं ते इथे कळवा. पुढचं तेव्हा बघू.