‘गिल्डा’ची शेवटची दहा मिनिटं

तुमचा प्रश्न असा आहे: 1946 चा ‘गिल्डा’ हा हॉलिवूडचा चित्रपट साफसूफ करून ब्लू-रेवर आलाय, तो विकत घेण्यासारखा आहे का, आणि एवढ्या काळोख्या चित्रपटाचा शेवट असा गोड का केलाय? पहिल्याचं उत्तर हो, घ्या. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण या चित्रपटावरून आमच्या घरात सदतीस वर्षं भांडण चाललं होतं.

1985 साल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या गावात तेव्हा फिल्म सोसायटी होती. शाळेचा हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या, 16 एमएमचा प्रोजेक्टर. रीळ बदलायचं झालं की ट्यूबलाइट लागायच्या. हॉल घुमायचा, त्यात संवाद अमेरिकन इंग्रजीत, त्यामुळे निम्मं चेहऱ्यांवरून ओळखायचं. चित्रपट संपत आला तसे हे उठले. म्हणाले, “स्कूटर काढून ठेवतो, मागनं गर्दी होईल.” मी बसून राहिले.

नेमक्या त्या दहा मिनिटांत ओब्रेगॉन हा पोलीस अधिकारी नायकाला, म्हणजे जॉनीला, सांगतो की ज्या गोष्टींपायी तुझी झोप उडाली, त्यातली एकही गिल्डाने, म्हणजे नायिकेने, केलेली नाही. ते सगळं नाटक होतं, आणि तू तिला प्रेक्षक मात्र छान मिळालास. मला त्यातले ‘ॲक्ट’ आणि ‘ऑडियन्स’ एवढेच शब्द धड ऐकू आले, पण अर्थ लागला.

परत येताना हे म्हणाले, “अशी बाई पदरी पडली तर माणसानं करायचं काय?” मी म्हटलं, “अहो, तिनं काहीच केलेलं नाही. तो पोलीस तसं म्हणाला शेवटी.” “काहीतरीच. तू मनाचं सांगतेस.” ज्यांनी शेवट पाहिलाच नव्हता ते मला शेवट समजावत होते.

तेव्हापासून ‘गिल्डा’ हे नाव घरात आलं. शेजाऱ्यांशी हसून बोलले की “आज गिल्डा खुशीत आहे.” नवी साडी नेसले की “गिल्डा कुठे निघाली?” सुरुवातीला मीही हसायचे. मग 1987 साली मी ज्या बँकेत होते तिथल्या नाटकवेड्या मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं आणि मुख्य भूमिका मला दिली. तालमी रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालायच्या. माझ्यासमोर काम करणारा सहकारी आमच्याच भागात राहायचा. तो सायकल हातात धरून दारापर्यंत सोडायला यायचा. एका रात्री मी आले तर दार उघडं, दिवा बंद, आणि हे अंधारात झोपाळ्यावर बसलेले. “आली का गिल्डा?” एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. आत माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, तेही त्यांनीच. मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना सांगितलं की मला जमणार नाही. भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. प्रयोग मी चौथ्या रांगेत बसून पाहिला, तिचं प्रत्येक वाक्य तिच्याआधी माझ्या ओठांवर येत होतं. त्यानंतर मी रंगमंचावर उभी राहिले नाही.

म्हणून ‘गिल्डा म्हणजे पुरुषाला नादी लावून बरबाद करणारी बाई’ असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही. ही गोष्ट सांगतो कोण, ते बघा. जॉनी सांगतो. पडद्यामागून येणारा आवाज त्याचा, संशय त्याचा, आणि आपण गिल्डाला पाहतो ती त्याच्या तोंडून. ब्यूनोस आयर्समधल्या चोरट्या कॅसिनोचा मालक बॅलिन मंडसन याचा तो उजवा हात. मालक बायको करून आणतो ती नेमकी जॉनीची जुनी प्रेयसी. जॉनी तिच्यावर जळतो तितकाच मालक वाटून घ्यावा लागला म्हणूनही जळतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मालक मेला असं वाटल्यावर तो तिच्याशी लग्न करतो ते छळायला. बॅलिनची भलीमोठी तसबीर लावलेल्या घरात तिला ठेवतो, स्वतः तिकडे फिरकत नाही, आणि दारावर माणसं बसवतो. आता सांगा, बरबाद कोणी कोणाला केलं?

आणि ते हातमोज्याचं गाणं. काळा सॅटिनचा पोशाख, एक हातमोजा उतरवणं, शेवटी जॉनीची थप्पड, एवढंच लोकांच्या लक्षात असतं. गाण्यात काय म्हटलंय ते कुणी ऐकत नाही. 1871 साली शिकागो जळालं, 1906 साली सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं, त्या सगळ्याचं खापर ‘मेम’ नावाच्या एका बाईवर फोडा, असं ते गाणं आहे. गिल्डा तेच जॉनीच्या तोंडावर म्हणते आहे. हेच गाणं त्याआधी एकदा येतं. रिकाम्या कॅसिनोत, गिऱ्हाइकं गेल्यावर, ती गिटार घेऊन प्रसाधनगृहातल्या म्हाताऱ्या अंकल पिओसाठी हलक्या आवाजात गाते. तिथे तिला कुणाला जिंकायचं नाही. नव्या प्रतीत तिच्या चेहऱ्यावरचा थकवा स्वच्छ दिसतो. आमच्या 16 एमएमवर तिथे नुसता पांढरा गोळा होता.

गिल्डाचं काम करणाऱ्या रिटा हेवर्थच्या बाबतीतही तेच झालं. 1946 साली बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुचाचणी केली तेव्हा त्या बॉम्बला ‘गिल्डा’ म्हणत आणि त्यावर तिचं चित्र चिकटवलं होतं. ती संतापली होती. (पुढे 1949 साली ती अली खानशी लग्न करून आगाखान घराण्यात गेली. पुण्यातला आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्यांची सून.)

2022 च्या दिवाळीत मुलगी न्यू जर्सीहून आली ती क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ‘गिल्डा’ची ब्लू-रे डिस्क घेऊन. तिघं बसलो. ओब्रेगॉनचं वाक्य आलं तशी मी चित्र थांबवलं. पडद्यावर खाली अक्षरं. यांनी चष्मा लावला, वाचलं. “मागे घे.” मागे घेतलं. परत वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सेन्सॉरसाठी घातलंय हे.”

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तेव्हा हॉलिवूडमध्ये हेज संहिता होती, म्हणजे पडद्यावर काय चालेल आणि काय नाही याची नियमावली. नवऱ्याशी खरंच बेइमानी करणाऱ्या नायिकेला सुखाने घरी पाठवता येत नसे, तिला शिक्षा तरी व्हायला हवी नाहीतर ती निर्दोष तरी ठरायला हवी. बॅलिन जिवंत परत येतो आणि अंकल पिओ त्याला त्याच्याच पातं दडवलेल्या काठीने मारतो, तोही सोयीचाच शेवट आहे. मला तो आवडत नाही. माझा आक्षेप गोडपणाला नाही. एवढं सगळं केल्यावर जॉनी माफी मागतो ती फार स्वस्तात, आणि ती लगेच त्याच्याबरोबर निघते, हे मला पटत नाही. पण गिल्डाचं निर्दोष असणं त्या एका वाक्यावर उभं नाही. ते गिटारच्या दृश्यात आहे. जॉनीकडे पाहताना पुरुषांची नावं घेणाऱ्या तिच्या डोळ्यांतही आहे.

त्या रात्रीनंतर घरात ते नाव निघालेलं नाही. नाटकाबद्दल मात्र अजून एक अक्षर नाही.

आता घेण्याबद्दल. ब्लू-रेसाठी जगाचे रीजन, म्हणजे विभाग, पाडलेले आहेत. क्रायटेरियनची अमेरिकन डिस्क रीजन ए आहे आणि आपला भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे आमच्या साध्या प्लेअरवर ती चाललीच नाही. सगळे रीजन चालणारा प्लेअर आणावा लागला. तो खर्च आधी धरा. सोबत समीक्षक रिचर्ड शिकेलचं समालोचन आणि अशा काळोख्या जुन्या चित्रपटांचा जाणकार एडी मुलरची मुलाखत आहे. ही दोन्ही आधी नको, चित्रपट झाल्यावर बघा. सबटायटल्स इंग्रजीच आहेत, पण ती चालू ठेवाच. गिल्डा पहिल्यांदा केस मागे झटकून वर बघते तेव्हा नवरा विचारतो ‘आर यू डीसेंट?’, म्हणजे ‘अंगावर नीट कपडे आहेत ना?’ आणि ‘तू सभ्य आहेस ना?’ दोन्ही. मग तिला जॉनी दिसतो आणि खांद्यावरचा कपडा वर ओढत ती हो म्हणते. हे अक्षरात दिसलं नाही तर निसटतं.

आणि तुमच्यासोबत कुणी बघत असेल तर शेवटची दहा मिनिटं त्याला जागचं उठू देऊ नका.