‘बाप्तिस्म्याचा टंक’ की दगडी डोण?

डब्लिनला लेकीकडे राहायला गेलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आयर्लंडमधल्याच मीथ परगण्यात डनसेनी कॅसलच्या आवारात सेंट निकोलसचं पंधराव्या शतकातलं चर्च आहे. छप्पर गेलंय, भिंती उभ्या आहेत. आत बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या पाण्याचं एक दगडी भांडं आहे, त्यावर बारा प्रेषित कोरलेत आणि क्रूसावरचा ख्रिस्तही. इंग्रजीत त्याला ‘फॉन्ट’ म्हणतात. ताईंना प्रवासवर्णन लिहायचंय, तर मराठीत काय लिहू, असं त्या विचारतात. भाषांतराच्या यंत्रानं ‘बाप्तिस्म्याचा टंक’ असं उत्तर दिलं. जावई म्हणाले ‘हौद’ लिहा, मैत्रीण म्हणाली ‘कुंड’. आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की हा फॉन्ट आणि कॉम्प्युटरवरचा फॉन्ट एकच का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. एकच नाहीत. दोघांचं नाव सारखं, पण घराणी वेगळी. चर्चमधला फॉन्ट लॅटिन ‘फॉन्स’वरून आला. फॉन्स म्हणजे झरा, फाउंटनही त्यातलाच. अक्षरांचा फॉन्ट आला फ्रेंच ‘फोंत’वरून, म्हणजे धातू वितळवून ओतण्यावरून. छापखान्यातले खिळे शिसं ओतूनच पाडायचे, एका ओतकामात निघालेला खिळ्यांचा संच तो फॉन्ट. यंत्राला दुसराच फॉन्ट ठाऊक, म्हणून त्यानं ‘टंक’ काढून दिला. गंमत अशी, की संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी, पाथरवटाची टाकी ती हीच. म्हणजे यंत्र चुकलं, पण चुकताचुकता दगडापर्यंत पोचलं!

आता मुख्य गोष्ट. हौद नको. हौद बांधतात, जागचा हलत नाही, त्यात घागर बुडते. ‘घंगाळ’ आकारानं चालेल, अंघोळीशी त्याचा संबंधही आहे, पण घंगाळ म्हटलं की तांब्यापितळेचं, दोन कड्यांचं भांडं डोळ्यांपुढे येतं. ‘रांजण’ सुचवणारेही भेटतील, नाणेघाटातल्या दगडी रांजणामुळे. पण रांजण उंच नि खोल असतो, साठवणीचा. ‘पात्र’ चुकीचं नाही, फक्त बेचव आहे.

‘कुंड’ मात्र सहज बाजूला सारण्यासारखा शब्द नाही. तो पवित्र आहे, कानाला सवयीचा आहे, आणि ‘बाप्तिस्मा-कुंड’ हा समास पटकन जमतो. माझी अडचण एवढीच, की पाण्याचं कुंड म्हटलं की आपण पायऱ्या उतरतो. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत, मोठी माणसं पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेत तेव्हा, खरोखरच जमिनीत खोदलेली कुंडं असत. त्यांना कुंडच म्हणावं. मध्ययुगात बाप्तिस्मा घेणारं बहुतेक वेळा तान्हं मूल असे. मग पाणी वर आलं, कमरेच्या उंचीला, दगडी खांबावर ठेवलेल्या खोलगट भांड्यात, कारण धर्मगुरूला उभ्यानं मूल हातात धरून ते पाण्यात बुडवायचं असे. डनसेनीचं भांडं या दुसऱ्या जातीचं. उतरायला पायरी नाही, त्याला कुंड कसं म्हणायचं?

माझं मत ‘डोण’ला. घाटावर कुणी डोणी म्हणेल, कुणी दोणी. संस्कृत द्रोणीचं हे घरगुती रूप. आमच्या आजोळी विहिरीच्या काठाला एक होती, एकाच काळ्या दगडातली. आतून टाकीचे ठोके बोटाला लागायचे, काठ मात्र गुरांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेला. तळाशी एका कोपऱ्यात भोक, त्यात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी. संध्याकाळी खुंटी उपसली की गढूळ पाणी भळभळा अळवाच्या वाफ्यात जायचं.

ही खुंटी मुद्दाम सांगितली. मध्ययुगीन फॉन्टच्या तळालाही बहुधा असंच भोक असतं. दगड पाणी पितो म्हणून आतून शिशाच्या पत्र्याचं अस्तर, आणि भोकातलं पाणी खांबाच्या पोटातून थेट खालच्या जमिनीत. मंतरलेलं पाणी कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून ही सोय. आपण निर्माल्य वाटेवर टाकत नाही आणि शंकराच्या देवळात सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, ओलांडत नाही, त्याच्या फार जवळची ही भावना आहे. पाणी भरून ठेवलेलं असे आणि ते चोरीलाही जाई, जादूटोण्यासाठी. म्हणून 1236 साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फॉन्टवर झाकण घालून कुलूप लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडमधल्या जुन्या फॉन्टच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगडाचा टवका उडालेला दिसला, तर समजावं, तिथे त्या कुलपाच्या लोखंडी कड्या होत्या आणि पुढे कुणीतरी त्या उपटल्या. ताई, डनसेनीच्या काठावरही बोट फिरवून बघा.

काही वाचक म्हणतील, अहो, गुरांच्या डोणीचं नाव पवित्र वस्तूला? तर आयरिश भाषेत फॉन्टला ‘उमर बाश्चे’ म्हणतात. बाश्चे म्हणजे बाप्तिस्मा, आणि उमर म्हणजे डोणच. ज्यांच्या देशात ते चर्च उभं आहे त्यांनाच त्यात काही कमीपणा वाटला नाही. पोर्तुगीजही तसेच. त्यांचा शब्द ‘पिया’, आणि हाच शब्द स्वयंपाकघरातल्या सिंकलाही चालतो. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेल्या नावाला ते ‘पियेचं नाव’ म्हणतात. जर्मनांचा ‘टाउफश्टाइन’ म्हणजे नुसता बाप्तिस्म्याचा दगड. झऱ्याचं काव्य लॅटिननं केलं, बाकीच्यांनी परसात जे होतं ते उचललं. इंग्लंडमध्ये तर उलटा प्रवासही झाला. 1640च्या दशकात प्युरिटनांचं, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांचं, राज्य आलं तेव्हा कित्येक फॉन्ट चर्चबाहेर काढले गेले, आणि त्यातले काही पुढे खरोखरच शेतावर गुरांना पाणी पाजायला लागले. काही नंतर परत आत आले, गुरांनी घासलेल्या काठासकट.

आपल्या जवळचं बघायचं तर जुन्या गोव्यात सी कॅथेड्रलमध्ये 1532 सालचा फॉन्ट आहे. कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं 1562 साली, म्हणजे वास्तूपेक्षा भांडं तीस वर्षांनी थोरलं. फ्रान्सिस झेवियर यांनी त्यातून बाप्तिस्मे दिले असं सांगतात. त्याच्याबद्दल लिहिताना मात्र मी डोण म्हणणार नाही, ‘पिया’च म्हणेन. पोर्तुगीजांनी आणलेल्या वस्तूला त्यांचाच शब्द तिथे शोभतो.

राहिला पहिला अर्धा शब्द. मराठी प्रॉटेस्टंट बायबलच्या भाषेला धरून ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, कॅथलिकांमध्ये ‘स्नानसंस्कार’ रूढ आहे. डनसेनीचं चर्च बांधलं गेलं तेव्हा प्रॉटेस्टंट पंथ जन्माला यायचा होता, त्यामुळे ‘स्नानसंस्काराची डोण’ लिहिलंत तर कुणी हरकत घेऊ नये. पण बाप्तिस्मा सगळ्यांना कळतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही बुडवणं असाच आहे, आणि भांडं त्याच कामाचं. फक्त ‘बाप्तिस्माची’ लिहू नका. शब्द आकारान्त पुल्लिंगी आहे, घोडा–घोड्याची तसं बाप्तिस्मा–बाप्तिस्म्याची. हल्ली छापील मजकुरातही ही चूक दिसते आणि मला ती खड्यासारखी लागते.

तेव्हा ताई, पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे एवढं लिहा: ‘छप्पर नसलेल्या त्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची दगडी डोण अजून आहे, तिच्यावर बारा प्रेषित कोरलेत.’ त्यानंतर नुसतं ‘डोण’ म्हटलंत तरी वाचक बरोबर येईल. शीर्षकात घालायचं असेल तर मैत्रिणीचं ‘कुंड’ घ्या हवं तर, शीर्षकाला तेवढी सूट असते. आणि पाऊस पडून गेल्यावर गेलात तर तळाचं भोक बुजलंय का तेवढं बघून कळवा.